बाभळीच्या सांगाड्याची गाडी

गाडीच्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव ऐकलं की माणसं लगेच मोबाईल काढतात, किंमत शोधतात आणि मग माझ्याकडे असं बघतात, जणू मी कुणाचा तरी दागिना घालून फिरतेय. एवढं सांगते की ती इंग्लंडात बनलेली, दोन माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची गाडी आहे. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आहे. जळगावात मेहरूणला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. रंग हिरवा. तो हिरवा मूळचा हिरवा नाही, हे मला सांगायला आजवर बरेच शहाणे येऊन गेलेत.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. बाई फिटर शिकवते हेच लोकांना आधी पचत नाही, त्यात ही गाडी. तलावाच्या रस्त्याने निघाले की मोटारसायकलवाले शेजारी येऊन विचारतात, "ताई, शूटिंग आहे का?" मी म्हणते, "नाही, वांगी आणायला चाललेय." आणि खरोखर वांगीच आणायला चाललेली असते. गाडी काय शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे? चार दिवस चालवली नाही तर कार्बोरेटर रुसतो, ब्रेक धरतात, आणि मग माझाच रविवार जातो.

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धुळ्याला एक जिनिंग फॅक्टरी होती आणि आबा तिथे फिटर होते. फॅक्टरीच्या शेठना गाडीचा शौक. मुंबईच्या कुणा साहेबाकडून त्यांनी ही घेतली आणि धुळ्याच्या रस्त्यांवर आणली. धूळ आणि कापसाचे तंतू यांनी तिचं नाक सारखं चोंदायचं. महिन्याला काहीतरी बिघडायचंच. वीसेक वर्षं आबा तिच्याखाली झोपले, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले, चाकं काढली, बसवली. फक्त तिच्या सीटवर कधी बसले नाहीत, कारण बसायची परवानगी नव्हती. काम झालं की शेठ स्वतः चक्कर मारून यायचे, आणि आबा फाटकाशी उभे राहून इंजिन कुठे अडखळतंय ते कानाने ऐकायचे. फिटरचे कपडे ऑईलचे, सीट खराब होईल, असं कारण सांगितलं जायचं. पानाने रंगलेलं धोतर नेसून मुनीमजी मात्र त्याच सीटवर बसायचे. आमच्या बौद्धवाड्यात हे कपड्यांचं कारण कुणाला पटायचं नाही, आणि खरं कारण कुणाला समजावून सांगावं लागायचं नाही.

मला याचा आजही संताप येतो. आबांना येत नाही. "त्यानी गाडी, त्याना नियम," म्हणतात आपल्या अहिराणीत, म्हणजे त्याची गाडी, त्याचा नियम, आणि चहा ओततात.

पुढे शेठचं वय झालं, मुलं पुण्याला गेली, फॅक्टरी बंद पडली. गाडी सरकीच्या गोदामात ढकलून दिली होती. गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा आबांनी शेठकडे ती मागितली. आयुष्यात त्यांनी शेठकडे मागितलेली ती एकच गोष्ट. शेठनी हसून कागदावर 'भंगार' असं लिहिलं, सही केली, आणि पुढे आबांनी रीतसर कागदपत्रं आपल्या नावावर करून घेतली. बैलजोडी जुंपून गाडी घरी आणली. स्टिअरिंग धरायला मला बसवलं होतं. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. बैल पुढे, मागे मी, आणि अख्खी गल्ली हसतेय. मला मात्र विमानात बसल्यासारखं वाटत होतं, आणि हसणाऱ्यांकडे मी मान ताठ करून बघत होते.

घरी आल्यावर कळलं की गाडी उभी आहे ती नुसत्या पत्र्याच्या जोरावर. अशा जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, दारं-बिरं सगळी त्यावर. तो वाळवीने खाऊन भुस्सा केला होता. इंग्लंडात त्याला कुठलंसं पांढरं, लवचीक लाकूड वापरतात. ते धुळ्यात कुठून आणणार? आबा पारोळ्याला गेले, बैलगाड्या करणाऱ्या एका सुतारनानांकडे. नानांनी कुजलेले तुकडे हातात घेऊन बघितले, वास घेतला आणि म्हणाले, बाभूळ घाल. गाडी म्हटली की बाभूळ, हे त्यांच्या दृष्टीने इतकं उघड होतं की त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतंच. मग दोघांनी मिळून वर्षभर, सुट्टीच्या दिवशी, तुकड्याला तुकडा जोडून सांगाडा केला. भुगा झालेल्या भागाचं माप मिळत नव्हतं, तिथे नानांनी बैलगाडीचाच जोड मारला. गाडी जड झाली. दार लावलं की गोदामाचं दार लावल्यासारखा आवाज येतो. पण तेव्हापासून आजपर्यंत त्या लाकडाला वाळवी शिवलेली नाही.

पान्यांचीही तीच गत. तिच्या नटांचं माप जगावेगळं. मिलिमीटरचा पाना बसत नाही, इंचाचा घसरतो. आबांनी जुने पाने घासून घासून स्वतःचा संच बनवला. आणि बॅटरीची तर मोठीच फजिती. आपल्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये मायनसची वायर बॉडीला असते. इंग्रजांनी या गाडीत प्लसची वायर बॉडीला दिलेली. शेठच्या काळात ही बॅटरी ड्रायव्हरच जोडायचा, आबांचा तिच्याशी संबंध यायचा नाही. घरी आणल्यावर आबांनी पहिल्यांदा बॅटरी जोडली ती सवयीने, ट्रॅक्टरसारखी. इंजिन सुरू झालं, रेस दिल्यावर डायनामोची पेटी तडतडली आणि धूर निघाला. दुसरा कुणी असता तर पुस्तकात बघून वायर परत इंग्रजी पद्धतीने लावली असती. आबांनी आठवडाभर खपून डायनामोपासून मीटरपर्यंत सगळी गाडीच फिरवून आपल्या पद्धतीची केली. खान्देशात राहायचं तर खान्देशासारखं राहायचं, असं त्यांचं म्हणणं.

गाडी चालू झाली आणि ती आमच्या एकट्यांची उरलीच नाही. दोन माणसांच्या गाडीत सहा बसायचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती सगळ्यात पुढे असायची, बॉनेटवर निळा झेंडा, सीटवर वाड्यातली सगळ्यात म्हातारी अक्का. लग्नातल्या नवऱ्या त्यातून फिरल्या, बारावी पास झालेल्या पोरी फिरल्या. आबांचा नियम एकच. गाडीत बसायचं तर परत आल्यावर एका चाकाच्या तारा पुसून द्यायच्या, रॉकेलच्या फडक्याने, एकेक करून. नवरी असो की नगरसेवक. त्या तारांच्या चाकांना दुसरा उपाय नाही, नाहीतर गंज चढतो. शालू खोचून तारा पुसणाऱ्या नवऱ्या मी स्वतः बघितल्यात. मी नोकरीसाठी जळगावला आले, आई गेल्यावर आबांना इकडे घेऊन आले, तेव्हा सामानाचा टेम्पो पुढे आणि गाडी मागे, असे आलो.

तर अशा या गाडीचा कुणीतरी व्हिडिओ काढून टाकला, आणि गेल्या वर्षी शेठचा नातू पुण्याहून आला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच कबूल करते. चाळिशीचा, बोलायला गोड, जुन्या गाड्या जमवणारा. शेडमध्ये पाऊल टाकल्यावर त्याचे डोळे भरून आले. "आजोबांची गाडी," म्हणाला. माझ्या डोक्यात तिथेच तिडीक गेली. चाळीस वर्षं कागदावर आबांचं नाव, आणि गाडी आजोबांची. पण आबांकडे बघितलं तर ते उठून उभे राहिलेले. ऐंशीला आलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून विहारात सुद्धा खुर्ची मागतो, तो या पोराने बस म्हणेपर्यंत बसेना.

नातवाबरोबर एक कारागीर होता, तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. बाहेर आला तो मान हलवतच. लाकूड चुकीचं. बोल्ट चुकीचे. वायरिंग तर विचारूच नका. तो हे सगळं आबांच्या तोंडावर म्हणाला. मग नातवाने आपलं म्हणणं मांडलं. गाडी पुण्याला न्यायची, हा सगळा सांगाडा काढून टाकायचा, इंग्लंडातून योग्य लाकूड मागवून गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची. पैसेही देऊ केले, चांगले भरपूर. "काका, तुम्ही ही जिवंत ठेवलीत, आमच्यावर उपकार आहेत. आता तिला तिचं मूळ रूप मिळू द्या."

आबा म्हणाले, "ली जा. तुमनीच शे."

पैसे नकोत म्हणाले. घेऊन जा, तुमचीच आहे. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

पाहुणे गेल्यावर मी आबांशी भांडले. आयुष्यात इतकी कधी भांडले नव्हते. त्यांनी तुम्हाला सीटवर बसू दिलं नाही आणि तुम्ही त्यांना गाडी देताय? तेही फुकट? आबा आधी म्हणाले, "तुना हातमा पाना शे, पन तुना मांगे कोन?" माझ्यामागे कोण हा प्रश्न मी बरीच वर्षं ऐकतेय, त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. दरवर्षी तीस पोरं-पोरी माझ्या हाताखालून फिटर होऊन जातात, त्यातली निम्मी या गाडीवर हात घालून शिकलीत. ते मी ऐकवलं. मग आबा हळूच म्हणाले, "लाकूडच चुकनं ना पन. बाभूय घालाले नको व्हती."

हे मात्र मला लागलं. गाडी गेली असती तर मी रडले असते, चिडले असते, पुढे विसरलेही असते. पण हा माणूस आपलं सगळ्यात मोठं काम चूक होती असं मानून उरलेली वर्षं काढणार, हे मला सहन होईना. ज्या सांगाड्यावर हात फिरवत तो रोज संध्याकाळी शेडमध्ये बसायचा, तो आता त्याला दाखवायची लाज वाटत होती. कुण्या परक्याने अर्धा तास गाडीखाली झोपून ते केलं होतं. त्या आठवड्यात आबा शेडकडे फिरकले नाहीत. मी एकटीच जाऊन गाडी सुरू करायचे, बंद करायचे. माझ्या सांगण्याने त्यांच्या मनातली बाभूळ बरोबर ठरणार नव्हती, एवढं मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला ट्रक आला. आबांनी आदल्या दिवशी बॅटरी काढून चार्जिंगला लावली होती. मी कागदपत्रं आणायला घरात गेले. खरं म्हणजे मुद्दाम उशीर लावत होते, कपाट उगाच उपसत होते. बाहेर कारागिराने बॅटरी बसवली, आपल्या पुस्तकाप्रमाणे, प्लस बॉडीला. वायरी तशा पोचेनात तर त्याने त्या ओढून, वाकवून पोचवल्या. आबा तिथेच उभे होते. त्यांना दिसत होतं. ते बोलले नाहीत, कारण गाडी त्यांनी मनातून देऊन टाकली होती आणि देऊन टाकलेल्या गाडीत बोलायचं कसं, अशी त्यांची रीत.

इंजिन लागलं. ट्रकच्या फळीवर चढवायला कारागिराने रेस दिली आणि डायनामोची पेटी तडतडली. जळक्या वायरीचा वास मला कपाटापर्यंत आला. मी धावत बाहेर आले तर कारागीर पाणी मागतोय, नातू मागे सरकलेला, आणि आबा त्या दोघांच्या मधून पुढे घुसलेले.

"बाजूले सरका," आबा म्हणाले.

शेठच्या घरातल्या माणसाला आबा असं काही म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी उघड्या हाताने बॅटरीची वायर उपटली. तळहात भाजला, त्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, पॉलिश पेपर आण, तीन नंबरचा पाना आण. मग खुर्ची न मागता तासभर उभं राहून त्यांनी पेटी उघडली, चिकटलेले पॉईंट सोडवले, घासले, जळलेली वायर बदलली, बॅटरी आपल्या पद्धतीने जोडली. कारागीर मान खाली घालून पुस्तक चाळत होता. "पुस्तकात तर असंच आहे," म्हणाला. आबा म्हणाले, पुस्तक बरोबर आहे, पण ही गाडी पुस्तकातली राहिलेली नाही. हे ते भांडायला म्हणाले नाहीत. आयटीआयच्या पोरांना समजावतात तसं शांतपणे समजावत होते, आणि समजावता समजावता बॉनेटच्या आतल्या बाभळीच्या पट्टीवर त्यांनी हात टेकला होता.

नातू खजील झाला होता. वातावरण हलकं करावं म्हणून त्याने ट्रकमधून एक फलक काढला. पुण्याच्या प्रदर्शनात गाडीशेजारी लावायला करून घेतलेला, पितळी अक्षरांचा. "काका, यात तुमचाही उल्लेख आहे," असं कौतुकाने म्हणाला. आबांचा चष्मा घरात होता, म्हणून मी वाचलं. वर शेठच्या घराण्याचं नाव, खाली गाडीचं वर्ष, आणि त्याखाली: 'घराण्याच्या निष्ठावान सेवकाने जतन केलेली.'

"परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. आबांचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

आबांनी फडक्याला हात पुसले, बोटाबोटाला, सावकाश. मग नातवाकडे बघून म्हणाले, "निष्ठावान ते कुत्रं राहस, भाऊ. मी फिटर शे."

नातवाने शब्द बदलतो म्हटलं, तुमचं नाव घालतो म्हटलं, मोठ्या अक्षरात घालतो म्हटलं. मला वाटतं तो मनापासून म्हणत होता. पण आबा तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते, ऑईलच्या कपड्यांसकट. "गाडी आठेच राही," म्हणाले, म्हणजे इथेच. मी मध्ये तोंड घातलं नाही, त्याची गरजच नव्हती. पाहुण्यांना जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही म्हणून मी भरीत आणि कळण्याच्या भाकरी वाढल्या. नातू जेवला. दुपारी ट्रक रिकामा परत गेला. जाताना त्याने आबांच्या पायाला हात लावला, तेव्हा आबा उठले नाहीत, बसूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

या हिवाळ्यात जळगावातच जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं आणि आम्हाला बोलावणं आलं. सोबत फॉर्म होता. त्यात एक रकाना: मूळ बनावटीपासून झालेले बदल, आणि त्याशेजारी दुसरा: बदलाचं कारण. मूळ बनावटीला गुण असतात, बदल लिहिले की गुण जातात, हे मी आबांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, बठ्ठं लिही, म्हणजे सगळं. पहिल्या रकान्यात मी लिहिलं, सांगाड्याचं लाकूड बाभळीचं. दुसऱ्यात लिहायला घेतलं, योग्य लाकूड उपलब्ध नसल्यामुळे. वीस वर्षं शिकवतेय, सरकारी कागदाची भाषा हाताला लागलेली.

आबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि माझ्या हातातून पेन घेतलं. माझं अर्धवट वाक्य त्यांनी आडव्या रेघेने खोडलं आणि खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं: मी बसवलं म्हणून.